करिंथच्या पत्राची अखेर : एका आशीर्वादाच्या अभ्यासाचा आढावा

नव्या करारातील पत्रांवर भाष्ये लिहिणारे पंडित शेवटच्या अध्यायापर्यंत पोहोचतात तेव्हा त्यांची लेखणी बहुधा थकलेली असते, आणि पत्राच्या पहिल्या दहा ओळींचा जितका कीस त्यांनी काढलेला असतो त्याच्या दशांशही अखेरच्या दहा ओळींच्या वाट्यास येत नाही, ही गोष्ट दोन-चार जुनी भाष्ये चाळून पाहणाऱ्या कोणासही सहज पटेल. उपदेशकांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस धाडलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस जो आशीर्वाद आहे, तो तर ख्रिस्ती जगतातील बहुतेक पंथांत, आणि आपल्या मराठी मंडळ्यांतही, उपासनेच्या शेवटी इतका नित्य उच्चारला जातो, की पाळकसाहेबांनी हात वर केला म्हणजे मुलांनी चपला शोधावयास लागावे असा जणू संकेतच होऊन बसला आहे. ज्या वचनाने लोकांना निरोप द्यावयाचा त्याच वचनावर स्वतंत्र उपदेश उभा राहू शकेल, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता, अशी या आशीर्वादाची तीन अंगे असून ती तिन्ही ‘तुम्हां सर्वांबरोबर’ असावीत असा त्याचा आशय आहे. या एका वचनाभोवती गेल्या दीड-दोन शतकांत पाठचिकित्सा, पत्रलेखनशास्त्र, व्याकरण, धर्मसिद्धान्त आणि उपासनेचा इतिहास अशा अनेक अंगांनी जे काम झाले, त्यातले उपदेशकाच्या हाती काय लागते आणि काय सोडून द्यावे, हे पाहण्याचा येथे हेतू आहे. माझ्या मनाचा कौल आधीच सांगून टाकतो : हे वचन पत्रापासून तोडून वाचले तर त्याचे एक सुबक सूत्र होते, पण पत्रातील तकरारीसकट वाचले तर पौलाने एका फार अवघड प्रसंगी, मन घट्ट करून, दिलेला तो निकाल ठरतो, आणि उपदेश करावयाचा तो या दुसऱ्या वाचनावरच.

पाठाच्या प्रश्नाने फार अडून बसण्याचे कारण नाही. इ. स. २०० च्या सुमारास लिहिलेले, आज काही पाने डब्लिनला आणि काही अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात असलेले, ‘पी ४६’ या संकेताने ओळखले जाणारे पपायरसचे हस्तलिखित असो की चौथ्या शतकातील व्हॅटिकनस असो, तिन्ही अंगांच्या या आशीर्वादाविषयी प्राचीन साक्षीदारांत मोठासा वाद नाही. पुढील काळातील बहुसंख्य प्रतींत शेवटी ‘आमेन’ येतो, तो या जुन्या प्रतींत नाही. मंडळीने वाचता वाचता आपला होकार नकलनविसाच्या बोरूत उतरविला, एवढाच त्याचा अर्थ. त्याचप्रमाणे हे पत्र फिलिप्पैहून तीत व लूक यांच्या हाती गेले अशी जी टीप उत्तरकालीन प्रतींच्या शेवटी आढळते, ती मूळ पत्राचा भाग नव्हे. एक बारीकशी अडचण मात्र नवशिक्या अभ्यासकास हटकून चकविते : आपल्या मराठी पवित्र शास्त्रात हे तेराव्या अध्यायाचे चौदावे वचन आहे, तर ग्रीक आवृत्त्यांत व त्यांच्या आधारे लिहिलेल्या भाष्यांत ते तेरावे म्हणून नोंदलेले असते, कारण मधल्या सलामांच्या मजकुराची विभागणी दोन्हीकडे सारखी नाही.

पत्रलेखनाच्या अंगाने झालेला अभ्यास याहून कितीतरी फलदायी आहे. १८९६-९७ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट या दोघा इंग्रज पंडितांनी मिसर देशात ऑक्सिरिंकस येथील उकिरडे उपसण्यास प्रारंभ केला, आणि सामान्य माणसांनी मुलाबाळांस, सावकारांस, लष्करातील भावांस लिहिलेली ग्रीक पत्रे ढिगांनी हाती आली. त्यांच्या उजेडात नवा करार वाचून दाखविण्याचे श्रेय मुख्यतः जर्मन पंडित आडोल्फ डाइसमान याचे, ज्याचा या विषयावरील ग्रंथ १९०८ साली प्रसिद्ध झाला. या पत्रांतून असे दिसून आले की मजकूर कारकुनाने लिहावा आणि शेवटची ‘क्षेम असो’ अशा अर्थाची अक्षरे पाठविणाऱ्याने स्वहस्ते घालावी, ही त्या काळची रूढ वहिवाट होती. पौलाच्या पत्रांतही तेच घडते. रोमकरांस पत्राचा लेखनिक तर्तियस मध्येच स्वतःचा सलाम घालतो; गलतीकरांस पौल आपल्या हातची मोठाली अक्षरे दाखवितो; आणि थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात तर, हा माझ्या हातचा सलाम हीच प्रत्येक पत्रातील खूण, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडील जुनी दप्तरे ज्यांनी हाताळली आहेत त्यांस हे समजावून सांगण्याची जरूर नाही. शिवकालीन पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा आणि पेशवाईत ‘लेखनसीमा’ हा शिक्का ज्या कामासाठी उमटविला जात असे, म्हणजे मजकूर येथे संपला, याखाली कोणी एक अक्षर वाढवू नये आणि वरील सर्व धन्याच्या नावे रुजू समजावे, तेच काम पौलाचे हस्ताक्षर करीत होते.

परंतु पौल त्या मोर्तबाच्या जागी नुसते क्षेम लिहीत नाही. जगाच्या रिवाजातील ‘क्षेम असो’ हे शब्द त्याने कोठेही शेवटी ठेवलेले नाहीत. त्यांच्या ठिकाणी प्रभूच्या कृपेचा आशीर्वाद तो घालतो, आणि तो बहुधा एकाच ओळीचा असतो. थेस्सलनीकाकरांस, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, फिलेमोनास, सर्वत्र तीच एक ओळ, किरकोळ फरकाने. जेफ्री वाइमा या अभ्यासकाने १९९४ साली पौलाच्या पत्रांच्या उपेक्षित समारोपांवरच एक ग्रंथ लिहून जी गोष्ट दृष्टीस आणली ती हीच, की या ओळी ठराविक साच्याच्या असल्या तरी प्रत्येक पत्रातील वादाचा रंग त्या घेतात, आणि साच्यात जेथे भर पडली असेल तेथे पत्राचे मर्म शोधावे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात ही भर सर्वांत मोठी आहे. एकअंगी आशीर्वाद येथे त्रिअंगी होतो, आणि असे पौलाच्या दुसऱ्या कोणत्याही पत्रात होत नाही.

ही भर का पडली याचे उत्तर त्या शहराच्या व त्या मंडळीच्या कैफियतीत आहे. ख्रिस्तपूर्व १४६ मध्ये रोमी सैन्याने बेचिराख केलेले आणि ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये जूलियस सीझरने रोमी वसाहत म्हणून पुन्हा वसविलेले करिंथ हे दोन बंदरांचे, नव्या पैशाचे, वक्तृत्वावर जीव टाकणारे शहर होते. तेथे पौल दीड वर्ष राहिला. अधिपती गल्लियो याच्यापुढे त्याच्यावर फिर्याद झाली, आणि डेल्फी येथील शिलालेखामुळे गल्लियोचा अंमल ५१-५२ च्या सुमारास होता हे निश्चित झाल्याने पौलाच्या चरित्रातील सर्वांत भक्कम तारीख आपणांस करिंथनेच दिली आहे. पुढे बिनसले. मध्यंतरी दिलेली भेट दुःखाची ठरली, त्यानंतर अश्रू गाळीत एक कडक पत्र गेले, तीत रदबदलीसाठी गेला, आणि बाहेरून आलेल्या काही बड्या उपदेशकांनी पौलाची पत्रे वजनदार पण प्रत्यक्षात माणूस दुबळा व भाषण कुचकामी, असा त्याचा उपहास चालविला. या पत्राचे शेवटचे चार अध्याय, दहा ते तेरा, त्या उपहासाला दिलेले उत्तर आहेत, आणि पौलाच्या लेखणीतून याहून जळजळीत असे फारच थोडे उतरले आहे. मी आलो म्हणजे भांडणे, मत्सर, राग, तट, चहाड्या, कानगोष्टी, गर्व आणि अव्यवस्था यांशिवाय तेथे दुसरे काही सापडणार नाही की काय, असे भय तो बोलून दाखवितो. या खेपेस गय करणार नाही, अशी ताकीद देतो. आणि थोड्याच वचनांनंतर, तुम्हां सर्वांबरोबर कृपा, प्रीती आणि सहभागिता असो, असे लिहितो.

हा उतार इतका एकाएकी आहे की पुष्कळ पंडितांचा त्यावर विश्वासच बसला नाही. १७७६ साली झेम्लर याने हे पत्र एकसंध नसून अनेक पत्रांची जोड असावी असे सुचविले, आणि १८७० मध्ये हाउसराट याने शेवटचे चार अध्याय म्हणजे ते अश्रूंचे पत्रच होय असा पक्ष जोराने मांडला. त्यानंतर हा वाद आजतागायत चालू आहे. काहींनी अखेरचे सलाम व आशीर्वाद पहिल्या नऊ अध्यायांच्या मवाळ पत्रास जोडून दिले. काहींच्या मते ते या कडक पत्राचेच. जोडणीच्या बाजूचे मुद्दे वजनदार असले तरी एका गोष्टीचा खुलासा त्यांच्यापाशी नाही, ती अशी की आजवर मिळालेल्या कोणत्याही हस्तलिखितात हे पत्र तुटलेले आढळत नाही. उपदेशकाने या वादात एखाद्या पक्षाची वकिली करण्याचे प्रयोजन नाही. पण वाद कशामुळे उत्पन्न झाला हे मात्र त्याने विसरू नये. आशीर्वाद त्या कोपाच्या शेजारी शोभत नाही असे ज्यांस वाटले त्यांनी निदान दोहोंतील अंतर मोजले होते. दर रविवारी तो म्हणणाऱ्या आम्हां लोकांस ते अंतर दिसेनासे झाले आहे.

मला स्वतःला तो आशीर्वाद कोपाच्या शेजारीच शोभतो असे वाटते, कारण त्यातील तिन्ही पदे पत्रात अगोदर झगड्याचे विषय होऊन गेली आहेत. कृपा घ्या : धनवान असून तुमच्यासाठी दरिद्री झालेल्या ख्रिस्ताची कृपा आठव्या अध्यायात येते ती यरुशलेमच्या गरिबांसाठी सुरू केलेली वर्गणी करिंथकरांनी अर्धवट सोडली म्हणून; आणि बाराव्यात माझी कृपा तुला पुरे असे प्रभूने सांगितल्याचे पौल लिहितो ते आपल्या देहातील काट्याच्या, म्हणजे ज्या दुबळेपणाची टिंगल झाली त्याच दुबळेपणाच्या संदर्भात. सहभागितेचेही तसेच. त्या वर्गणीला पौल जे अनेक शब्द लावतो त्यांत हा एक आहे, आणि प्रकाशाची व अंधाराची भागी कशी जमणार, या सहाव्या अध्यायातील प्रश्नातही तो आहे. प्रीतीची गोष्ट याहून नाजूक. मी तुमच्यावर प्रीती करीत नाही म्हणून का हे असे, देव जाणे, असे तो अकराव्यात म्हणतो, आणि मी अधिक प्रीती केली म्हणून माझ्या वाट्यास कमी यावी काय, असा खेद बाराव्यात. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अगदी शेवटी प्रभूच्या कृपेमागोमाग पौलाने ‘माझी प्रीती तुम्हां सर्वांबरोबर’ असे लिहिले होते. दुसऱ्या पत्रात त्याच जागी देवाची प्रीती आली आहे. मधल्या काळात पौलाच्या प्रीतीचाच पंचनामा होऊन गेला होता, तेव्हा तिची साक्ष पुन्हा काढण्यापेक्षा तिच्याहून वरिष्ठ अशा प्रीतीकडे त्याने प्रकरण सोपविले, असे मी मानतो. हा तर्क आहे, पण पत्रानेच तो सुचविला आहे. आणि मग ‘सर्वांबरोबर’ या पदाचे वजन कळते. ते पद पौल अन्यत्रही वापरतो. तथापि येथे त्या सर्वांत उपहास करणारे, चहाड्या करणारे आणि बड्या पाहुण्यांच्या मागे लागलेले लोकही मोजलेले आहेत, आणि पत्र मंडळीपुढे मोठ्याने वाचले जात असता ते तेथे बसलेले असणार.

धर्मसिद्धान्ताच्या अंगाने या वचनाचा वापर अर्थातच त्रैक्यासाठी झाला. इ. स. ३२५ ची निकीया येथील व ३८१ ची कॉन्स्टंटिनोपल येथील परिषद यांच्या मधल्या काळात, पवित्र आत्म्याचे देवत्व नाकारणाऱ्यांशी वाद चालू असता, असली वचने दाखले म्हणून पुढे केली गेली. योहान क्रिसोस्तम याने या पत्रावर तीस प्रवचने केली, त्यांतील शेवटच्यात, पत्राच्या आरंभी आत्म्याचे नाव नाही म्हणून त्यास कमी लेखणारे आता कोठे आहेत, असे तो विचारतो. आरंभी ख्रिस्त, नंतर देव, मग आत्मा, हा क्रम मत्तयाच्या शेवटी आलेल्या बाप्तिस्म्याच्या वचनातील क्रमाहून वेगळा आहे, आणि पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तर तो मत्तयातील क्रमाच्या नेमका उलटा, आत्मा, प्रभू, देव असा आढळतो. यावरून पौलापुढे बांधीव सूत्र नव्हते एवढे दिसते. ख्रिस्ताच्या कृपेची ओळ नेहमीप्रमाणे आधी आली आणि बाकीची दोन अंगे तिला मागाहून जोडली गेली, हे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटते. चौथ्या शतकाचा सिद्धान्त पहिल्या शतकाच्या तोंडी घालू नये. पण तो सिद्धान्त ज्या मातीतून उगवला ती माती हीच, हे नाकारण्याचेही कारण नाही.

व्याकरणाचा एक प्रश्न उरतो, आणि तो उपदेशकास टाळता येत नाही. ‘आत्म्याची सहभागिता’ यातील षष्ठी कर्तरि की कर्मणि? आईची आठवण म्हटले म्हणजे आई करते ती की आईविषयी येते ती, हा घोळ मराठीतही संदर्भावाचून सुटत नाही. पहिल्या दोन अंगांत कृपा ख्रिस्त करतो आणि प्रीती देव करतो, हे बहुतेकांस मान्य आहे. त्याच चालीने आत्मा जी परस्परांतील सहभागिता निर्माण करतो ती, असा एक अर्थ. दुसरा, आत्म्यात आपणांस मिळालेला वाटा. १९३३ साली झेझेमान या जर्मन अभ्यासकाने नव्या करारातील या पदाची तपासणी करून दुसऱ्या अर्थाकडे झुकते माप टाकले, आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीचे वचन त्या बाजूस साहाय्यक आहे. फुटलेल्या मंडळीस लिहिताना पौलाच्या मनात दोन्ही असावेत अशी तडजोड पुष्कळ भाष्यकार करतात. मला मात्र झेझेमानचा क्रम बरोबर वाटतो : ज्यांचा एकाच आत्म्यात वाटा आहे त्यांस एकमेकांपासून वेगळे होण्याची मुभा राहत नाही, म्हणजे दुसरा अर्थ आधी आणि पहिला त्याच्या पोटी.

उपासनेच्या इतिहासात या वचनाचा प्रवास मोठा मजेचा आहे. पूर्वेकडील मंडळ्यांत, क्रिसोस्तमच्या नावाने चालणाऱ्या उपासनेत, ते शेवटी येत नसून प्रभुभोजनाच्या महाप्रार्थनेच्या प्रारंभी येते. रोमन कॅथलिक मिस्साविधीच्या १९७० च्या सुधारलेल्या ग्रंथात ते आरंभीच्या अभिवादनांपैकी एक आहे. शेवटी म्हणण्याची चाल आम्हांस विशेषतः प्रॉटेस्टंट परंपरेकडून आली. इंग्लंडच्या मंडळीच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात सकाळच्या व संध्याकाळच्या प्रार्थनेचा समारोप त्याने होतो, पण तेथे ‘तुम्हां’च्या जागी ‘आम्हां’ आहे. फरक लहान दिसतो खरा. पहिला उच्चार अधिकाराने दिलेला आशीर्वाद आहे, दुसरा सर्वांनी मिळून केलेली विनंती. मूळ ग्रीक वाक्यात क्रियापदच नाही, त्यामुळे ‘असो’ आपण घालतो, आणि म्हणून दोन्हींना जागा राहते.

पत्राच्या शेवटी पवित्र चुंबनाने सलाम करण्याची आज्ञा आणि लगेच हा आशीर्वाद, यावरून पत्रवाचन संपताच प्रभुभोजन सुरू होत असावे आणि या ओळी त्याच्या प्रारंभविधीतून घेतलेल्या असाव्यात, अशी कल्पना लिट्समान याने १९२६ च्या आपल्या ग्रंथात मांडली आणि रॉबिन्सन याने १९५३ मध्ये पहिल्या पत्राच्या समारोपावरून तिला पुष्टी दिली. कल्पना आकर्षक आहे, परंतु प्रार्थनेनंतर चुंबन आणि मग प्रभुभोजन असा क्रम ज्यात स्पष्ट दिसतो तो जस्टिन मार्टरचा मजकूर दुसऱ्या शतकाच्या मध्याचा. शंभर वर्षे मागे जाऊन त्याचा हवाला देणे धाडसाचे आहे. चुंबनाविषयी क्रिसोस्तमने केलेले विवेचन त्या मानाने उपदेशकास अधिक उपयोगाचे. आपण ख्रिस्ताचे मंदिर आहोत, म्हणून एकमेकांच्या मुखाचे चुंबन घेणे म्हणजे मंदिराच्या द्वाराचे चुंबन घेणे होय, असे तो त्याच प्रवचनात म्हणतो. ज्यांस शेजाऱ्याचे तोंड पाहणे नकोसे झाले होते अशा मंडळीपुढे हे बोलले गेले तर ते कसे लागले असते याची कल्पना करावी.

भाष्यांपैकी प्लमर याचे १९१५ चे भाष्य ग्रीक जाणणाऱ्यास आजही सोबतीस ठेवण्याजोगे आहे, मात्र त्रैक्याच्या प्रश्नावर ते पुढील पिढ्यांपेक्षा सोपे बोलते. बॅरेट यांचे १९७३ चे भाष्य एकट्याने अभ्यास करणाऱ्या पाळकास सर्वांत परवडणारे, कारण ते थोडक्यात सांगते आणि आपले मत लपवीत नाही. मार्गारेट थ्रॉल यांचे दोन खंड, दुसरा २००० सालचा, सर्व पक्षांचा हिशेब चोख ठेवतात. शंका निरसण्यासाठी ते उघडावेत, उपदेशाच्या आदल्या रात्री नव्हे.

राहिला उपदेशाचा प्रत्यक्ष प्रश्न. ज्या मंडळ्या त्रैवार्षिक पाठक्रम पाळतात त्यांस हा उतारा पहिल्या वर्षी त्रैक्याच्या रविवारी मिळतो, आणि तो अकराव्या वचनापासून सुरू होतो, जेथे आनंद करा, सुधारा, एकचित्त व्हा, शांतीने राहा, असे गोड उपदेश आहेत. त्याच्या लगेच मागचे दहावे वचन, मी आल्यावर मला कडकपणा करावा लागू नये म्हणून दूर असताना हे लिहीत आहे, हे सांगणारे, पाठक्रमाने बाहेर ठेवले आहे. त्या दिवशीच्या उपदेशकावर सिद्धान्त समजावून सांगण्याचे दडपण असते, आणि त्रैक्याची आकृती काढता काढता करिंथ राहून जाते. माझी शिफारस एवढीच, की वाचन त्या रविवारी निदान बाराव्या अध्यायाच्या विसाव्या वचनापासून करावे, आठही दुर्गुणांची यादी मंडळीपुढे मोठ्याने वाचली जावी, आणि ज्या मंडळीत वर्षभर समितीच्या निवडणुकीवरून किंवा जमिनीच्या हिशेबावरून दोन तट पडलेले असतील तेथे त्रैक्याच्या उपमा बाजूस ठेवून, हा आशीर्वाद पौलाने कोणाकोणाला धरून दिला, हे सांगण्यास उपदेशकाने आपला अर्धा वेळ द्यावा.